दोघांसाठी एकच जोडी हात

नाटक कंपनीच्या व्यवस्थापकानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा दुभाषीण सरळ नाही म्हणाली.

"ताई, फक्त चार प्रयोग. तेही दुपारचे," तो म्हणाला. "पुढच्या दोन रांगा बहिऱ्या प्रेक्षकांसाठी राखून ठेवतोय. तुम्ही कोपऱ्यात उभं राहायचं आणि पात्रं जे बोलतील ते हातांनी सांगायचं. तुमचं रोजचंच काम."

"माझ्या रोजच्या कामात कुणी मरताना दोन-दोन पानं बोलत नाही," ती म्हणाली.

तो हसला, पण नाटकाची प्रत टेबलावर ठेवूनच गेला. पाठ उसवलेली, कडा झिजलेली, पानं सुटायला आलेली प्रत. दुभाषिणीनं ती पिशवीत टाकली ती नाटकासाठी नव्हे, वडलांसाठी. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात एकोणचाळीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्तीनंतर त्याच्या हाताला काम हवं असे आणि असलं जखमी पुस्तक दिसलं की त्याच्यानं राहवत नसे.

तिचे आई-वडील दोघंही जन्मापासून बहिरे. त्यामुळे घरात पहिली भाषा आली ती हातांची, तोंडाची तिला शेजारणीनं शिकवली. पाचव्या वर्षी ती आईबरोबर दुकानात जाऊन भाव करायची, नवव्या वर्षी घरमालकाची बोलणी वडलांना सौम्य करून सांगायची. पुढं त्याचंच पोट भरायचं साधन झालं. कोर्टात, दवाखान्यात, कचेऱ्यांत ऐकणाऱ्यांचं बोलणं बहिऱ्यांपर्यंत आणि बहिऱ्यांचं ऐकणाऱ्यांपर्यंत पोचवायचं. आता ती बेचाळीस वर्षांची होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या घरात ती आणि बाबा. दिवसभर दुसऱ्यांचं बोलून ती घरी यायची तेव्हा तिच्याकडे स्वतःचं असं सांगायला काही उरलेलं नसायचं. बाबाही फार विचारायचे नाहीत. दोघं जेवायची, भांडी घासायची, बाबा पुस्तकं चिकटवायच्या खळीचं भांडं झाकून ठेवायचे आणि दिवस संपायचा.

तीन दिवसांनी बाबांनी प्रत तिच्यापुढं ठेवली. नवी शिवण, नवा पुठ्ठा, पाठ ताठ. मग त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, म्हणजे अर्थात हातांनी म्हणाले, कारण त्या घरात सगळं बोलणं हातांनीच चालायचं, "शिवता शिवता वाचलं. हे कर तू."

"मला नाटकातलं काय कळतंय?"

"मला तरी काय कळतंय! पण मी जन्मात एक नाटक पुरं पाहिलं नाही. माणसं तोंडं हलवतात आणि बाकीचे रडतात, एवढंच दिसतं. हे कर."

बाबांनी काही मागितलं असं दहा वर्षांत झालं नव्हतं. तिनं व्यवस्थापकाला फोन केला.

नाटक जुनं होतं. शेवट काय हे तिकीट काढण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी माणसं रुमाल घेऊन जातात, त्यातलं. गावात साथ आलेली आहे. वेशीचे दरवाजे बंद, आतल्यानं बाहेर जायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. जो वेस ओलांडेल त्याच्यावर बाण सोडायचा हुकूम आहे. नालबंदाचा मुलगा कामाला म्हणून परगावी गेलेला, तो बाहेर अडकतो. त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती मुलगी आत, आणि ती वेशीच्या पहारेकऱ्याचीच लेक. दोघांमध्ये वीतभर जाड लाकडाचा दरवाजा. त्याला कान लावून ती बोलतात.

पण बोलतात काय! तो म्हणतो, तू दिसत नाहीस तर मला चंद्रही दिसत नाही. ती विचारते, पायात जोडे आहेत का? तो म्हणतो, आजच उघड, आत्ता उघड. ती म्हणते, किल्ली बाबांच्या उशाखाली असते, पहारा परवा पहाटे बदलतो, तोवर मी दोन घोंगड्या आणि चार दिवसांचा पाव गोळा करते, तू खालच्या वाटेनं पाणी कुठं आहे ते बघून ठेव. तो म्हणतो, प्रेमाला पाव लागत नाही. ती म्हणते, प्रेमाला नाही, तुला लागतो. तिसऱ्या पहाटे मी दरवाज्यावर तीनदा टकटक करीन, तोवर थांब.

तो थांबत नाही. दुसऱ्याच रात्री तटावर चढतो आणि बाण लागून वेशीबाहेर पडतो. तिसऱ्या पहाटे ती किल्ली, घोंगड्या, पाव, सगळं घेऊन येते, टकटक करते, उत्तर नाही. दरवाजा उघडते तर समोर तो. आणि सबंध नाटकात एक पाऊल विचाराशिवाय न टाकलेली ती पोरगी, पुढं काय होणार हे पक्कं माहीत असताना, वेशीबाहेर पाऊल टाकते. वर धनुष्य घेऊन तिचा बाप उभा असतो.

दुभाषिणीनं तयारीला सुरुवात केली. तालमी जवळजवळ संपल्या होत्या, म्हणून कंपनीनं तिला संवाद ध्वनिमुद्रित करून दिले. ते कानात लावून ती स्वयंपाकघरात उभी राहायची आणि बाबा समोर खुर्ची टाकून बसायचे. मुलीचं काम तिला पहिल्या दिवसापासून जमलं. हात छातीजवळ, बोटं नेमकी, एक वाक्य पुरं झाल्याशिवाय दुसरं नाही. प्रश्न विचारताना भुवई जरा वर आणि उत्तर येईपर्यंत ती तशीच वर.

"शाबास," बाबा म्हणाले. "आता तो."

तिनं तो केला. हात लांब फेकले, डोळे गरागरा फिरवले, उसासा टाकला.

बाबांनी मान हलवली. "हा मुलगा मूर्ख आहे."

"मूर्खच आहे! दोन दिवस थांबायला काय झालं होतं त्याला? उतावळा नवरा न् गुडघ्याला बाशिंग."

"पुस्तकात तो मूर्ख नाही. तू त्याला मूर्ख करते आहेस. असल्या पोरासाठी ती मुलगी कशाला मरेल? आणि तुझे दोघंही एकच आहेत. एकदा तू, आणि एकदा तू कुणाची तरी नक्कल करतेस."

"मग कसा करू?"

बाबा उठले आणि त्यांनी तिच्या आईसारखे हात केले. आई अशीच बोलायची, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. कोपर लागून पेला पडायचा, तो उचलता उचलता एका हातानं तिसरं वाक्य. बाबांनी लग्नाचं विचारायला अकरा महिने घेतले होते आणि ते विचारायला तोंड उघडतात न उघडतात, म्हणजे हात उचलतात न उचलतात, तोच ती "हो, हो, कधी?" म्हणाली होती. ही गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती.

"हिला कुणी मूर्ख म्हणेल?" बाबांनी विचारलं. "घाई करणारं माणूस घाबरलेलं असतं. तुझी आई आयुष्यभर घाबरायची. मी पुन्हा विचार करीन आणि माघार घेईन म्हणून."

"सगळ्यांचं तसं नसतं," दुभाषीण म्हणाली. "काही लोकांना नुसतीच घाई असते."

ती कुणाविषयी बोलते आहे हे दोघांना माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी एक चष्मेवाला होता. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं भिंगं घासायचं छोटं दुकान. आईचा चष्मा करायला ती गेली आणि पुढं विनाकारण जात राहिली. तो भरभर बोलायचा, भरभर चालायचा. तिच्या आई-वडलांशी बोलता यावं म्हणून महिन्याभरात हातांची भाषा शिकला, चुका करत, हसत. मग त्याला लांबच्या शहरात मोठ्या कारखान्यात काम मिळालं. बसथांब्यावर त्यानं तिला विचारलं, "येतेस? पंधरा दिवसांत निघायचंय."

तिनं विचारलं, राहायचं कुठं? आईचा दवाखाना सुरू झालाय, तिच्याबरोबर कोण जाईल? महिन्यातून एकदा तरी परत येता येईल का? तिथं मला काम मिळेल का?

"मी तुला काय विचारतोय आणि तू मला काय विचारतेस!" तो म्हणाला. हसून म्हणाला, पण तोंड उतरलेलं.

तिनं आठवडा मागून घेतला. त्या आठवड्यात तिनं काय नाही केलं! आईबरोबर दवाखान्यात जाईल अशी एक नवशिकी दुभाषीण शोधली, शेजारणीशी बोलली, नव्या शहरातल्या बहिऱ्यांच्या शाळेला पत्र टाकलं, कपडे वेगळे काढले. शुक्रवारी सगळं जुळवून ती त्याच्या दुकानावर गेली तर दुकानाला कुलूप. तो बुधवारीच गेला होता. चिठ्ठी नाही, निरोप नाही. वर्षाभरानं त्याच्या लग्नाची बातमी दुसऱ्याच कुणीतरी सांगितली. ताकसुद्धा फुंकून पिणाऱ्या बाईनं जन्मात एकदा वाफाळता पेला तोंडाला लावायचं ठरवलं आणि पेलाच नाही, असं ते झालं होतं. तेव्हापासून त्याचं नाव तिनं घरात काढलं नव्हतं.

बाबा खुर्चीत बसले. उठले. पुन्हा बसले.

"तो आला होता," ते म्हणाले. "मंगळवारी. तू कोर्टात होतीस. आई झोपली होती. आत ये म्हटलं तर आला नाही, जिन्यातच बसला."

दुभाषिणीच्या व्यवसायाचा एक नियम आहे. जो बोलतो त्याचं बोलणं 'मी' म्हणून सांगायचं. 'तो म्हणतो, त्याला दुखतंय' असं नाही, 'मला दुखतंय' असंच. वीस वर्षांत तो नियम तिच्या हाडांत मुरला होता. बाबा जिन्यातल्या त्या माणसाचं बोलणं त्याच्याच मोडक्या, चुकणाऱ्या हातांनी सांगू लागले आणि तिचं तोंड सवयीनं आपोआप उघडलं. बाबांचे हात हलत होते आणि ती मोठ्यानं बोलत होती.

"मी घाई करतोय हे मला कळतं. पण मी थांबलो तर ती विचार करेल. आणि नीट विचार केला तर ती माझ्याबरोबर येणार नाही. माझ्यात विचार करून निवडण्यासारखं आहे काय? तुम्ही तिचे वडील आहात. ती येईल का, तेवढं सांगा. येणार असेल तर मी महिनाभर थांबतो. काम गेलं तरी थांबतो."

खोलीत ऐकू येणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

बाबांचे हात मांडीवर पडून राहिले. तिनं त्यांचं मनगट धरून हलवलं.

"सांगितलं, येणार नाही. तिनं ठरवलंय."

"मी काहीच ठरवलं नव्हतं!"

"मला माहीत होतं. तू कपडे वेगळे काढलेले मी पाहिले होते." ते सावकाश, एकेक खूण सुटी करत बोलत होते, पुस्तकाची पानं मोजल्यासारखं. "तुझी आई आजारी. डॉक्टर तोंड हलवणार आणि मी बघत राहणार. ती नवी पोरगी दोन खुणा चुकली होती, मी मोजल्या होत्या. मला भीती वाटली. मी पण घाईच केली."

दुभाषिणीनं डोळे मिटले. ऐकणाऱ्यांच्या घरात माणसं दार आपटतात, ओरडतात. त्या घरात डोळे मिटणं हाच सगळ्यांत मोठा अपमान होता. लहानपणी एकदाच तिनं आईसमोर तसं केलं होतं आणि आई दोन दिवस जेवली नव्हती. बाबा समोर बसून काहीतरी सांगत होते, बाहीची सळसळ तिला ऐकू येत होती. खुर्ची सरकली, तिच्या खांद्याला बोट लागलं, पुन्हा लागलं. तिनं डोळे उघडले नाहीत. मग पावलं आतल्या खोलीत गेली.

पुढचे चार दिवस ती एकटीच आरशासमोर तयारी करत राहिली. मुलाचे हात आता जमू लागले. ती खूण हवेत सोडायची आणि पुरी व्हायच्या आत पुढची धरायची, जणू थांबलं तर समोरचं माणूस नजर काढून घेईल. हे हात आईचे की चष्मेवाल्याचे हे तिला सांगता आलं नसतं. बाबा दारात येऊन उभे राहायचे, थोडं बघायचे आणि जायचे. जेवताना मीठ, पाणी एवढ्याच खुणा होत.

पहिल्या प्रयोगाला राखीव दोन रांगांत अकरा माणसं आली. बाबा शेवटच्या खुर्चीवर, कारखान्यात समारंभाला घालायचे तो कोट घालून. दुभाषीण रंगमंचाच्या कोपऱ्यात उभी राहिली, काळे कपडे, तोंड प्रेक्षकांकडे, पाठ नाटकाकडे. मागून आवाज येत होते आणि ते तिच्या हातांतून पुढं जात होते. मुलगा बोलला की ती जरा डावीकडे झुके, मुलगी बोलली की सरळ उभी राही. जोड्यांचा प्रश्न पाठ होता, हात आवाजाच्या जरा पुढं गेले; अकरा माणसं हसली, ऐकणाऱ्यांच्या आधी अर्धा क्षण. शेवटी मुलीला वेशीबाहेर नेताना तिच्या हातांना कुठलीही घाई झाली नाही. बाबा रडत होते. तिनं ते पाहिलं आणि पुढचं वाक्य सांगितलं.

प्रयोगानंतर बाहेरच्या दालनात एक तरुण बहिरं जोडपं हातघाईवर आलं होतं, शब्दशः. मुलगी म्हणत होती, यानं दोन दिवस दम धरला असता तर? मुलगा म्हणत होता, तिनं पाव गोळा करण्यात दोन दिवस घालवले नसते तर? दोघांनी दुभाषिणीला गाठलं. "चूक कुणाची?"

"मी फक्त सांगते," ती म्हणाली. "मला विचारू नका."

चार प्रयोग झाले. मग कंपनीचा दौरा निघाला, नऊ गावं, अडीच महिने. व्यवस्थापकानं विचारलं तेव्हा तिनं त्याला राहायची सोय, प्रवास, सुट्ट्या, आजारी पडलं तर काय, असे सगळे प्रश्न विचारले आणि प्रत्येकाचं उत्तर लिहून घेतलं. तो वैतागला. मग ती म्हणाली, "येते."

बाबांना तिनं जेवताना सांगितलं.

"जा," बाबा म्हणाले. "माझं मी बघीन." आणि ताट बाजूला सारून, "तेव्हाही बघितलं असतं."

तिला वाटलं आता ते माफी मागतील, आणि मागितली तर काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. पण ते भांडी घेऊन उठले.

दौऱ्यात ती नटांबरोबर बसमध्ये असे, पण नटांची नसे. त्यांचे विनोद एकमेकांच्या विसरलेल्या वाक्यांवर, तिची वाक्यं तर कुणालाच ऐकू येत नव्हती. गावोगावची भाड्याची खोली, एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर आरसा. सकाळी ती फोनच्या पडद्यावर बाबांशी बोले. बाबा फोन इतका जवळ धरत की निम्मे हात पडद्याबाहेर जात आणि तिला निम्मी वाक्यं कळत.

पाचव्या गावात राखीव रांगांचं एकही तिकीट गेलं नाही.

"आज आराम करा, ताई," व्यवस्थापक म्हणाला. "तुमच्याकडे बघणारं कुणी नाही."

खोलीवर जाऊन करायचं काय? ती नाट्यगृहातच थांबली आणि मागच्या रांगेत एका रिकाम्या खुर्चीवर बसली. हात मांडीवर. आणि पडदा वर गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे नाटक तिनं कधी पाहिलेलंच नाही. एवढे प्रयोग झाले, प्रत्येक वाक्य तोंडपाठ, पण सगळं पाठीमागं घडलेलं. दरवाजा हिरवा होता. मुलगी तिला वाटली होती त्याहून ठेंगणी होती आणि मुलगा रोज सकाळी बसमध्ये अंडी सोलत बसणारा तोच पोरगा, पण आता वेगळा.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो तटावर चढतो ती जागा आली. तिथं संवाद नव्हते. प्रतीत एकच ओळ होती, 'तो तटावर चढतो.' रोज त्या शांततेत दुभाषीण हात खाली सोडून मिनिटभर उभी राहायची. तिला वाटायचं, मागं देखावा बदलत असतील.

देखावा बदलत नव्हता. मुलगा दरवाज्यापाशी आला. लाकडाला कान लावला. टकटक करायला मूठ उचलली आणि तशीच धरून ठेवली. मग खाली बसला, गुडघे पोटाशी घेऊन. उठला, तटापर्यंत गेला, परत आला, पुन्हा कान लावला. दरवाज्याच्या आतल्या बाजूला, प्रेक्षकांना दिसेल अशी, ती मुलगी घोंगडी गुंडाळत होती. पाठमोरी. तिला काही ऐकू येत नव्हतं. तो खूप वेळ उभा राहिला. मग चढला, आणि वर पोचल्यावर एकदा मागं वळून बघितलं.

सगळं नाट्यगृह रोज हे बघत होतं. पुढच्या दोन रांगांतली बहिरी माणसंही बघत होती. एकटी तीच तेवढी त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

मध्यंतर झालं, माणसं चहाला उठली. ती बसून राहिली. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "बरं आहे," आणि पाय आखडून तिला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर बाबा आले. मागं खळीचं भांडं दिसत होतं, खुर्चीवर दोन दिवसांचे कपडे. "काल काम नव्हतं ना? काय केलंस?"

"नाटक पाहिलं."

"मग? कसा आहे मुलगा?"

"थांबतो तो," ती म्हणाली. "चढायच्या आधी."

बाबांनी मान हलवली. "मी पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी."

"सांगितलं नाहीत."

"तू डोळे मिटून घेतलेस तर?" त्यांच्या हातांचं पुढचं बोलणं पडद्याबाहेर गेलं.

"दिसत नाही, बाबा. फोन लांब धरा."

त्यांनी फोन लांब धरला, तो हलला, छत दिसलं, मग पुन्हा ते दिसले. पण तोवर ते स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाविषयी बोलू लागले होते, दुरुस्तीवाल्याला चिठ्ठी काय लिहावी हे विचारत होते. तिनं सांगितलं. एकेक शब्द, हळू, ते लिहून घेत होते म्हणून. खाली बसचा भोंगा वाजला. बाबांना तो ऐकू येणार नव्हता, म्हणून चिठ्ठी पुरी होईपर्यंत ती उठली नाही.